आतली शिवण

कोरेगावात सुमनताईंकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या बायकांना त्यांची एक सवय ठाऊक होती. कुणी तयार ड्रेस अल्टर करायला आणला, की त्या आधी तो उलटा करत. रंग, लेस, गळ्याची नक्षी हे सगळं नंतर. आतली टीप सरळ आहे का, कडांना ओव्हरलॉक आहे का, बगलेत माया किती सोडलीय, हे बोटांनी चाचपून झालं की मगच सांगत, "होईल." नाहीतर, "याला हात लावला तर फाटेल. उगाच पैसे घालवू नका." हे दुसरं उत्तर दिलं की हातचं काम जाई. तरी त्या ते देत. त्यांचं स्वतःचं पायमशीनही जुनंच, साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडून घेतलेलं. "जाड कापडावर खालचा धागा गोळा होतो, तेवढं सावकाश चालवा," असं त्यानं देतानाच सांगितलं होतं. जीन्सची तुरपाई सोडली तर त्या मशीननं त्यांना कधी अडवलं नाही.

२०२२च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलीला, ऋतुजाला, पुण्यात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला. फी, होस्टेल, मेस यांची जुळवाजुळव झाली आणि मग लॅपटॉपचा प्रश्न उभा राहिला. दुकानात नवा बरा लॅपटॉप पंचेचाळीस हजारांच्या खाली दिसत नव्हता. वडील साखर कारखान्यावर हंगामी कामगार. ऑगस्टात कारखाना बंद, घरात तिकडून पैसा नाही. सुमनताईंकडे भिशीचे वीस हजार होते आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवून उरलेले सहा. हप्त्यांवर नवा घेता आला असता. पण हप्ता दर महिन्याला येतो आणि शिवणकाम दर महिन्याला येत नाही, एवढा हिशेब त्यांना पुरेसा होता. सव्वीस हजारांत जे बसेल ते, आणि जुनं, असं ठरलं.

मायलेकी सकाळच्या एसटीनं स्वारगेटला उतरल्या आणि मंडईवरून चालत बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला आल्या. वायर, दिवे, कॅमेरे, स्पीकर, कॉम्प्युटरचे सुटे भाग यांनी त्या गल्ल्या खच्चून भरलेल्या असतात.

पहिलं दुकान काचेचं होतं. आत एसी, पांढरा उजेड आणि ओळीनं मांडलेले लॅपटॉप. दुकानातला मुलगा पंचविशीचा, अदबीनं बोलणारा.

"बसा मावशी. हा बघा, कंपनी पीस आहे. नो डेंट, नो स्क्रॅच. आय-सेव्हन आहे, आठ जीबी रॅम, विंडोज ११ टाकून दिलंय. बॅग आणि माउस आमच्याकडून. साडेबावीस."

चंदेरी, पातळ, लखलखीत. ऋतुजानं झाकण उघडलं आणि तिचा चेहरा फुलला. होस्टेलच्या खोलीत हा टेबलावर ठेवला तर कसा दिसेल, हे तिच्या डोळ्यांत सरळ वाचता येत होतं. आय-सेव्हन म्हणजे आय-फाइव्हपेक्षा वरचा, एवढं तिला माहीत होतं. बारावीपर्यंत यापेक्षा जास्त तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

सुमनताईंनी झाकणावरून हात फिरवला. कोपऱ्याशी बोट थांबलं. केसाएवढी जाड एक कड तिथं हाताला लागत होती.

"वरून काहीतरी चढवलंय याला."

"लॅमिनेशन आहे मावशी. सेफ्टीसाठी."

त्यांनी लॅपटॉप उलटा केला. खालच्या चार रबरांपैकी एक गायब. दोन स्क्रूंची डोकी झिजून गोल झालेली आणि एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा.

"किती वेळा उघडलंय हे?"

"सर्व्हिसिंग करूनच देतो ना आम्ही."

"मग आमच्यासमोर एकदा उघडून दाखवाल?"

"नाही मावशी, सील तुटतं. वॉरंटी जाते."

"वॉरंटी किती दिवसांची?"

"पंधरा दिवस चेकिंग."

तो मुलगा लबाड होता असं मी म्हणणार नाही. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरलेले लॅपटॉप एकगठ्ठा विकतात, व्यापारी ते लॉटनं उचलतात, साफ करतात, वरून प्लास्टिकचा पापुद्रा चढवतात आणि दुकानांत पाठवतात. त्या मुलाच्या हाती मशीन आलं तेव्हाच ते सजलेलं होतं. आत काय आहे हे त्यालाही कुणी दाखवलं नव्हतं. जुन्या मालाच्या बाजारात सगळी फसवणूक खोटं बोलण्यातून होते असं नाही. पुष्कळशी न बघण्यातून होते. आधीच्यानं बघितलं नाही, मधल्यानं बघितलं नाही, शेवटी जो पैसे देतो त्याच्या वाट्याला सगळं बघणं येतं, आणि तेही घरी गेल्यावर.

सुमनताई उठल्या. ऋतुजानं निघताना त्या लॅपटॉपच्या माहितीच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

बाहेर आल्यावर ती चिडली. "आई, तुला स्क्रूच दिसतात. सगळं चालू होतं त्यात. वर्गात सगळ्यांकडे चांगले असणार, आणि मी काय घेऊन बसू?"

"मी नको म्हटलं का? उघडून दाखवा म्हटलं."

"उघडलं असतं तरी तुला काय कळलं असतं? मला तरी काय कळतं? आपल्याला कळत नाही, तर दिसतं त्यावरूनच ठरवायचं ना?"

मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्याला आतलं समजत नाही तो बाहेरचं बघूनच घेतो. सुमनताईंना उत्तर द्यायला थोडा वेळ लागला. टपरीवरच्या चहाचा ग्लास खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मला विणता येत नाही, पण साडीवाला घडी मोडून दाखवायला तयार नसला तर मी साडी घेत नाही. आपल्याला कळत नाही ना, मग जो दाखवेल त्याच्याकडेच जायचं."

दुसरं ठिकाण दुकान म्हणावं असं नव्हतंच. जुन्या वाड्याचा लाकडी जिना, वर एक खोली, दारावर "लॅपटॉप दुरुस्ती" अशी पाटी. टेबलावर उघडे मदरबोर्ड, भिंगाचा दिवा, सोल्डरिंगचा वास. साठीचे एक काका काम करत होते. ते पंधरा-वीस जुने लॅपटॉप विकायलाही ठेवत, पण ते कपाटात, एकावर एक.

त्यांनी बजेट विचारलं नाही. ऋतुजाला विचारलं, "काय शिकणार आहेस बाळ?"

"बीएस्सी कॉम्प्युटर. सी प्रोग्रॅमिंग, डेटाबेस..."

"गेम? व्हिडिओ एडिटिंग?"

"नाही."

काकांनी कपाटातून एक काळा, जाडसर लॅपटॉप काढला. लेनोव्होचा थिंकपॅड टी-४८०. झाकणावर ओरखडे, त्यातला एक चांगला खोल. बिजागरीला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं. त्यावर बॉलपेननं लिहिलं होतं:

मागची बॅटरी कमजोर. पडद्यावर खाली डावीकडे फिकट डाग. बोटाच्या ठशाची चौकट बंद. झाकणावर ओरखडे.

आणि खाली किंमत, पंचवीस हजार.

ऋतुजानं कार्ड वाचलं आणि आईकडे बघितलं. साडेबावीसला चकचकीत मिळत असताना पंचवीसला हे? तिनं मोबाइल पुढे केला. "काका, आम्ही आत्ताच एक आय-सेव्हन बघितला. तुमचा आय-फाइव्ह आहे."

काकांनी चष्मा वर करून फोटो बघितला. "आय-सेव्हनच्या पुढं काय लिहिलंय वाच."

"४६०० यू."

"पहिला आकडा चार. म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालची. आत दोन कोअर. आता हा बघ, आय-फाइव्ह ८३५० यू. आठवी पिढी, २०१७ची, चार कोअर. पातळ लॅपटॉपांच्या या मालिकेत इंटेलनं आठव्या पिढीत कोअर दोनाचे चार केले. म्हणून नुसतं पाच की सात हे बघून उपयोग नाही, पुढचा आकडा बघायचा."

"पण त्याच्यात विंडोज ११ होतं."

"घातलंय, म्हणून चालतंय. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि तिच्या पुढची. अपवाद थोडे. चौथ्या पिढीवर आडवाटेनं टाकता येतं, पण पुढं एखाद्या अपडेटला अडलं तर विचारायचं कुणाला? आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार, हे कंपनीनंच जाहीर केलंय. तुझं तिसरं वर्ष संपल्यावर थोड्याच महिन्यांत. चौथ्या पिढीचं मशीन वाईट नसतं. लिनक्स टाकून कितीतरी वर्षं वापरणारे आहेत. पण मग त्याला साडेबावीस द्यायचे नाहीत, त्याचे पैसे त्या हिशेबानं द्यायचे."

ऋतुजा खुर्ची ओढून बसली.

सुमनताई म्हणाल्या, "भाऊ, हे उघडून दाखवाल?"

"दाखवतो की."

त्यांनी आधी बायोसमध्ये जाऊन आतली बॅटरी बंद केली, मग मागची बॅटरी दोन खिट्ट्या सरकवून काढली. या मॉडेलला दोन बॅटऱ्या, एक आत बसवलेली आणि एक मागे निघणारी. मागची बदलायला स्क्रूदेखील काढावा लागत नाही. मग खालचं झाकण. त्याचे स्क्रू सैल केले तरी झाकणातच राहतात, हरवत नाहीत. सगळ्यांची डोकी एकसारखी, धड. कंपन्यांसाठी बनवलेली ही मशीन दुरुस्त करता यावीत म्हणूनच अशी घडवतात, हे सांगताना काकांच्या आवाजात कारागिराचं कौतुक होतं. थिंकपॅडप्रमाणेच डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही त्यातलीच घराणी. पण त्यांच्यातही दरवर्षीचं मॉडेल सारखं नसतं. याच टी-४८०ची पातळ बहीण टी-४८०एस, तिच्यात रॅमचा एक भाग मदरबोर्डलाच पक्का डकवलेला असतो.

"ही पंख्याची जागा, धूळ काढलीय. ही एसएसडी, २५६ जीबी. आणि ही रॅम. दोन खाचा आहेत, एकीत आठ जीबी बसवलीय, दुसरी मोकळी. पुढं लागली तर अजून आठ घालायची."

सुमनताईंनी वाकून ती मोकळी खाच बघितली. "म्हणजे माया सोडलीय."

काकांनी मान वर केली. "शिवणकाम करता का ताई?"

"करते."

"मग तुम्हाला सांगायला नको." आणि ते खरंच तिथून पुढे ऋतुजाशीच बोलले.

झाकण लावून मशीन सुरू केल्यावर त्यांनी माउस तिच्या हातात दिला. "मी सांगतो, तू कर." काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करून बॅटरीचा अहवाल काढला. आतली बॅटरी मूळ चोवीस वॅट-अवरची, अजून वीस धरत होती. मागचीही चोवीसची, पण ती आता तेराच धरत होती. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं एसएसडीची प्रकृती ९४ टक्के दाखवली. पडदा पूर्ण पांढरा केला तेव्हा कार्डावर लिहिलेला डाग दिसला. काळा, लाल, हिरवा केला तेव्हा नवीन काही दिसलं नाही. प्रत्येक कळ दाबून बघितली. प्रत्येक पोर्टात पेन ड्राइव्ह घातला. चार्जर डावीकडच्या दोन्ही यूएसबी-सी पोर्टांना आळीपाळीनं लावला. कॅमेरा, माइक, स्पीकर, वायफाय. मग एक व्हिडिओ लावून ठेवला, मशीन तापल्यावर पंखा खरखरतो का हे ऐकायला.

"आता सगळ्यात महत्त्वाचं," काका म्हणाले आणि त्यांनी विंडोज पूर्ण पुसून पुन्हा सुरू करायला लावलं, इंटरनेट जोडून. "कंपनीचं मशीन असतं. कंपनीनं आपल्या नोंदीतून काढलं नसेल, तर नेट जोडल्या जोडल्या कंपनीचा मेल आणि पासवर्ड मागतं. तिथं संपलं. तसंच बायोसचा सुपरवायझर पासवर्ड. तो कुणी ठेवून गेलं असेल, तर कंपनी मदरबोर्डच बदला म्हणते. वरून चकाचक, चालू, आणि तरी आपलं नाही. असं मशीन फुकट दिलं तरी घेऊ नये."

पडद्यावर साधं स्वागत आलं, भाषा कोणती हवी असं विचारणारं. कुठल्याही कंपनीचं नाव आलं नाही. खालच्या पट्टीवरचा सिरियल नंबर आणि बायोसमधला नंबर एकच आहे, हेही ऋतुजानं वाचून पडताळलं.

या सगळ्यात दीड तास गेला. बाजारात जाऊन वस्तू निवडायला पाच मिनिटं आणि भाव करायला अर्धा तास देणारी आपण माणसं. जुन्या वस्तूच्या बाबतीत हे उलटं हवं, असं मला फार वाटतं. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्यानं तर वेळ हातचा राखूच नये. पैसेवाल्याचा चुकीचा लॅपटॉप कोपऱ्यात पडतो, आणि या मायलेकींचा चुकला असता तर वर्षभराचे गणवेश गेले असते.

"बावीसला द्या," सुमनताई म्हणाल्या.

"नाही जमणार ताई. बॅटरीचे आणि डागाचे धरूनच पंचवीस सांगितलेत. हजार कमी करतो, ते तिच्या शिक्षणासाठी."

चोवीसला सौदा झाला. बिलावर सिरियल नंबर आणि तीन महिन्यांची वॉरंटी, हातानं लिहून. निघताना सुमनताईंनी विचारलं, "भाऊ, दोष असे लिहून का ठेवता? गिऱ्हाईक पळतं की."

"पळतं कधीकधी. पण लिहिले नाहीत तर मलाच आठवत नाहीत, ताई. आणि मला आठवले नाहीत, तर किंमत कशाची लावू?"

पुढची तीन वर्षं थोडक्यात सांगता येतील, कारण चाललेल्या वस्तूची गोष्ट फारशी नसते. सुरुवातीला वर्गात कुणी त्याला ऑफिसचा डबा म्हटलं, दिवाळीनंतर कुणी काही म्हणेनासं झालं. दुसऱ्या वर्षी कीबोर्डवर चहा सांडला. थिंकपॅडच्या कीबोर्डखालून पाणी वाहून जायला वाट असते, त्यामुळे आतलं वाचलं. पण काही कळा चिकटू लागल्या म्हणून काकांकडूनच कीबोर्ड नवा बसवून घेतला. मोकळ्या खाचेत आठ जीबी रॅम आली. तिसऱ्या वर्षी मागची बॅटरी बदलली. विंडोज ११ सरळ मार्गानं आलं. ते कार्ड बॅगेच्या आतल्या कप्प्यात तसंच राहिलं.

२०२५च्या जूनमध्ये ऋतुजाला नोकरी लागली आणि कंपनीनं नवा लॅपटॉप दिला. तिनं जुना विकायचं ठरवलं. आईच्या पायमशीनला मोटर बसवायची होती. सुमनताईंचे गुडघे आता दिवसभर पाय मारू देत नव्हते. होस्टेलच्या ग्रुपवर तिनं टाकलं: थिंकपॅड, आय-फाइव्ह, सोळा जीबी रॅम, उत्तम स्थिती, चौदा हजार. परभणीहून पहिल्या वर्षाला येणाऱ्या एका मुलीच्या वडिलांचा लगेच फोन आला. रविवारी दोघं येतो म्हणाले.

उत्तम स्थिती हे शब्द पूर्ण खरे नव्हते. डावीकडच्या दोन यूएसबी-सी पोर्टांपैकी एक सैल झालं होतं. केबल दाबून धरली तरच चार्जिंग व्हायचं. दुसरं ठीक होतं, ऋतुजा तेच वापरायची. आतली बॅटरीही आता निम्म्यावर आली होती. मैत्रीण म्हणाली, "दुसऱ्यात लाव ना चार्जर. विचारलं तर सांग. नाही विचारलं तर आपण कशाला?" आणि तिनंच झाकणासाठी गडद निळा लॅमिनेशनचा कागद आणून दिला. ओरखडे झाकले की हजारभर जास्त मिळतात, म्हणाली.

शनिवारी सुमनताई सामान न्यायला आल्या. स्वारगेटला एसटीतून उतरून या वेळी भुयारी मेट्रोनं आल्या होत्या आणि त्याचं त्यांना फार अप्रूप होतं. मेट्रोचं सगळं सांगून झाल्यावर त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. निळा कागद झाकणाच्या मापानं कापून ठेवलेला.

"भाव काय लावलास?"

"चौदा."

"ते चार्जिंगचं भोक ढिलं झालंय म्हणाली होतीस मागं. त्याचे किती धरलेस?"

ऋतुजा गप्प झाली. मग म्हणाली, "धरले नाहीत. दुसरं चालतंय ना."

"पुढंमागं दुसरंही ढिलं झालं तर? तेव्हा पैसे कोण भरणार?"

"ती भरेल."

"तिला माहीत आहे का, की तिला भरायचेत?"

"आई, तुझी मोटर घ्यायचीय त्यातून."

"घ्यायचीच आहे. मला काय नको आहे का मोटर? गुडघे माझेच आहेत." त्या हसल्या नाहीत. "पण तो माणूस परभणीहून रात्रभर गाडीत बसून येणार. तू त्याला जे सांगशील तेवढंच त्याला कळणार. आपण त्या दिवशी तशाच आलो होतो."

यावर ऋतुजा काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं काकांना फोन लावला आणि पोर्ट बदलायला, आतली बॅटरी बदलायला आज काय पडेल ते विचारलं. आकडे कागदावर लिहिले, बेरीज केली. दोन्ही मिळून तीन हजारांच्या आसपास जात होतं. मग बॅगेतून ते पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. मागच्या बॅटरीची ओळ खोडून पुढे "बदलली" असं लिहिलं. काकांच्या अक्षराखाली आपल्या अक्षरात तिनं भर घातली: आतली बॅटरी निम्मी. डावीकडचं मागचं यूएसबी-सी पोर्ट सैल, दुसऱ्यानं चार्ज होतं. पेन क्षणभर थांबलं. चहाचं लिहायचं का? नवा कीबोर्ड बसला होता, त्यानंतर काही त्रास नव्हता, कुणाला कधी कळायचं कारण नव्हतं. तिनं लिहिलं: चहा सांडला होता, कीबोर्ड नवीन. आणि चौदा हजार खोडून अकरा केले.

रविवारी बापलेक आले. वडील कापूस लावणारे शेतकरी, स्वच्छ पांढरा सदरा, हातात पिशवी. मुलगी आल्या आल्या झाकणावरचे ओरखडे बघत राहिली. ऋतुजानं कार्ड वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून, एकेक शब्द ओठांत पुटपुटत वाचलं आणि मुलीला दिलं.

"हे तुम्हीच लिहिलंय?"

"वरचं ज्यांच्याकडून घेतला त्यांनी. खालचं मी."

मग ऋतुजानं त्या मुलीला खुर्चीवर बसवलं आणि तिच्याच हातांनी सगळं करून घेतलं. बॅटरीचा अहवाल, एसएसडी, पांढरा पडदा, कळा, पोर्ट. सैल पोर्टात केबल घालून चार्जिंग कसं तुटतं ते दाखवलं. स्वतःचं सगळं काम तिनं आधीच काढून घेतलं होतं, खात्यांतून बाहेर पडली होती. आता त्या मुलीसमोर विंडोज पूर्ण पुसून नव्यानं सुरू केलं. येत्या ऑक्टोबरात विंडोज १० थांबणार, याच्यात ११ आहे आणि ते अधिकृत आहे, हे सांगितलं. प्रोसेसरच्या नावातला पुढचा आकडा कसा वाचायचा तेही. मुलगी आता ओरखड्यांकडे बघत नव्हती, वहीत लिहून घेत होती.

सुमनताई पलंगावर बसून निळ्या कागदाच्या कापलेल्या तुकड्यांची घडी घालत होत्या. मध्ये बोलल्या नाहीत.

सगळं झाल्यावर वडिलांनी घसा खाकरला. "ताई, चहा सांडलेला म्हणता. मग हजार कमी करा. दहाला द्या."

ऋतुजानं कार्ड पुन्हा समोर ठेवलं. "काका, बॅटरीचे आणि पोर्टाचे पैसे मी स्वतःच कमी केलेत, हा बघा हिशेब. दोन्ही जिथं बदलून मिळतील तो पत्ताही देते. पण चहाचे कमी करणार नाही. कीबोर्ड नवीन घातलाय, त्याचे पैसे मी भरलेत, हे त्याचं बिल. सांगायला हवं म्हणून सांगितलं. त्यात तुमचं नुकसान काही नाही."

त्यांनी बिल बघितलं, मग मुलीकडे बघितलं. मुलीनं मान हलवली.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून नोटा काढून मोजू लागले. अकरा पूर्ण दिले. ऋतुजानं सिरियल नंबर घालून पावती लिहिली, खाली सही केली, जुनं बिल तिला जोडलं आणि कार्ड पुन्हा बिजागरीला बांधायला दोरा शोधू लागली.

"राहू द्या," ती मुलगी म्हणाली, "मी वहीत डकवते. पुढचं मला लिहावं लागेल ना."